विस्तिन रंगाऱ्याची पहिली पसंती

विस्तिन सायदॉन माझ्या समोर राहायचा. समोर म्हणजे अगदी समोर. गल्ली इतकी चिंचोळी की त्यांच्याकडे कांदा परतला की पाणी माझ्या डोळ्यांना यायचं. मी खिडकीशी शिवणयंत्र घेऊन बसायचे, तो दारात स्टूल टाकून ब्रश धुवायचा. तो लाल, आम्ही निळे. निवडणुकीच्या आठवड्यात एकमेकांकडे मीठसुद्धा मागायचं नाही, असा नियम होता. कुणी केला देव जाणे, पण दोन्ही घरांनी पाळला. एरवी त्याची बायको जोवान्ना आणि मी एकाच पातेल्यातलं खायचो.

आमच्या गावात माणूस आधी रंगाचा असतो, मग आईबापाचा. चौकाच्या एका अंगाला लालांचा क्लब, दुसऱ्या अंगाला निळ्यांचा, आणि वरच्या बाजूला चर्च. लाल माणूस लालांच्या क्लबात चहा पितो, निळा निळ्यांच्या. चहा तोच, काचेच्या पेल्यातला, दोन्हीकडे सारखाच गोडमिट्ट. मटार भरलेल्या पास्तित्सीसुद्धा एकाच भट्टीतून येतात. पण चुकीच्या क्लबात पाय ठेवलात, तर तुम्ही घरी पोचायच्या आत बायकोला कळलेलं असतं. सून आणायची, गाडी दुरुस्त करायची, दात काढायचा, सगळं रंग बघून. माझ्या आईने निळा गवंडी मोकळा नाही म्हणून गळकं छप्पर हिवाळाभर तसंच ठेवलं आणि आम्ही तिची मुलं बादल्या रिकाम्या करत बसलो. आज हसू येतं, तेव्हा त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

विस्तिन रंगारी होता. भिंतींचा नव्हे, बोटींचा. बोटीच्या नाकाडावर डोळे काढायचे, पिवळे-निळे पट्टे ओढायचे, नाव घालायचं आणि नावाखाली नोंदणीचा आकडा. ट्रकवाले आणि बसवालेही लांबून त्याच्याकडे यायचे. त्याचे आकडे बघत राहावे असे. त्यातही त्याचा एकचा आकडा. वर छोटीशी शेंडी, ताठ पाठ, आणि पायाशी मासे धरायच्या गळासारखा वळलेला बाक. साऱ्या बंदरात तसा एक दुसरा कुणी काढत नसे. घाईघाईत वाण्याच्या कागदावर आकडे टाकले तरी त्याचा हात तो बाक दिल्याशिवाय उठायचा नाही. मी एकदा चिडवलं होतं, "विस्तिन, पाव किती ते लिहितोयस की बोट रंगवतोयस?" तर म्हणाला, "हाताला वेगळं कळतच नाही गं."

त्याचा लालपणा बापाकडून आलेला. बाप गोदीत मजूर. साठच्या दशकात पाद्र्यांचं आणि लालांचं फार बिनसलं. लालांना मत देणं हे पाप ठरलं. कबुलीजबाब द्यायला गेलं की पाद्री आधी विचारायचा, मत कुणाला देणार? नेमकं त्याच काळात विस्तिनचं लग्न ठरलं. जोवान्ना आमच्याच बाजूची, माझी शाळेतली मैत्रीण, आणि पडली ती लाल रंगाऱ्याच्या प्रेमात. पाद्र्याला "नाही देणार लालांना" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. कितीतरी जणांनी म्हटलंही. विस्तिनने ते म्हटलं नाही. मग त्यांचं लग्न वेदीपुढे लागलं नाही, मागच्या, पाद्री कपडे बदलतात त्या खोलीत लागलं. फुलं नाहीत, ऑर्गन नाही. जोवान्नाचा झगा मी शिवला होता, माझं पहिलं मोठं काम, मागे लांबलचक घोळ सोडलेला. तो त्या खोलीत मावेना. म्हणून सगळा विधी होईपर्यंत मी तो दोन्ही हातांत गोळा करून कपाटाला टेकून उभी होते. मला पाद्र्याचा राग आला होता, विस्तिनचा त्याहून जास्त. जोवान्नाला कुणाचाच आला नाही. ती हसत होती.

तेव्हा हे लक्षात घ्या की विस्तिन उगाच चार दिवस झेंडा नाचवणारा लाल नव्हता. त्याने त्याची किंमत दिली होती, आणि जोवान्नाने त्याच्याबरोबर. क्लबाच्या दर्शनी भिंतीवरची भलीमोठी पाटी त्याने रंगवलेली, दर सणाआधी तोच ती उजळायचा. त्याचा मुलगा सिल्व्यु तर क्लबाच्या बाकांखाली रांगत मोठा झाला आणि तिशीत क्लबाचा सचिव झाला. बापाची छाती फुगून आली होती. बोटीच्या मालकांना हातातलं काम थांबवून सांगायचा, "आमचा सिल्व्यु सेक्रेटरी झाला बरं का."

मग जोवान्नाचं हृदय थकलं. पायांवर सूज, जिना चढली की धाप. पुढे ती माडीवरच्या पलंगालाच खिळली. आमच्या चौकातल्या सरकारी दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर मॉन्तानारो बसायचे. ते निळे, पिढीजात. पण दवाखाना बंद करून घरी जाताना ते हमखास विस्तिनचा जिना चढायचे. तिची नाडी बघायचे, गोळ्या बदलायचे, आणि ती बोलत असली की घड्याळाकडे न बघता बसायचे. सिल्व्युला हे खुपायचं.

"मतांसाठी येतो तो," तो बापाला म्हणायचा. "उद्या उभा राहील बघ, पा."

आणि डॉक्टर खरंच उभे राहिले, निळ्यांकडून. सिल्व्युने "सांगितलं नव्हतं?" असं इतक्या वेळा म्हटलं की ते मलाही माझ्या खिडकीत पाठ झालं.

पण उभं राहिल्या राहिल्या डॉक्टरांनी एक घोळ घातला. आमच्या क्लबात सभा होती. तो दवाखाना लालांच्या सरकारने बांधलेला, दारावर लाल मंत्र्याच्या नावाची संगमरवरी पाटी. आमच्या लोकांच्या डोळ्यांत ती पाटी सलायची. कुणीतरी उठून म्हणालं, आपलं सरकार आलं की पहिलं कुलूप त्या दवाखान्याला. टाळ्या झाल्या. डॉक्टर उठले आणि म्हणाले, "पाटीवर चुना फासा हवा तर. पण दवाखाना बंद केलात तर मी तुमच्या विरोधात बोलेन, याच चौकात." टाळ्या थांबल्या. माझा भाऊ फ्रान्स तिथे होता, तो घरी येऊन तणतणत होता, "आपलं खातो आणि त्यांचं गातो!"

दुसऱ्या दिवशी विस्तिनने गल्लीतूनच मला विचारलं.

"चेत्ता, तुझ्या लोकांनी डॉक्टरला शिव्या घातल्या म्हणे?"

"घातल्या की. मतं मागायला उभा राहिलाय आणि आपल्याच लोकांना डोळे दाखवतो. अक्कल नाही."

"आणि तरी बोलला."

"बोलला."

विस्तिन बराच वेळ तोच एक ब्रश धूत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडून उभ्या राहणाऱ्या वकिलाला मी कितीतरी निवडणुका पहिली पसंती देतोय. परवा आला होता मत मागायला. वर जाऊन जोवान्नाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, 'बरी हो लवकर, कार्मेला.'"

मी खो खो हसले. तो हसला नाही.

"मी आमच्यातल्या कुणाला कधी तोंडावर असं बोललो नाही, चेत्ता," तो म्हणाला. "दवाखान्यासारखी, बोलायलाच हवी अशी एखादी गोष्ट आमच्यातही असणारच की, नाही का?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण आमच्याकडे असलं काही कुणाच्या डोक्यात येतच नाही. आमच्याकडे मतपत्रिकेवर फुली नसते. लालांची नावं एका गटात, निळ्यांची दुसऱ्या गटात, आणि नावांपुढे पसंतीचे आकडे घालायचे, एक, दोन, तीन. आपल्या गटात वाटेल तसे खालीवर करा. पण पेन्सिल आपला रंग सोडून पलीकडे जात नाही. गेली तर ते मत म्हणजे सरळ दगाबाजी, त्याला दुसरा शब्द नाही.

विस्तिनने एकचा आकडा डॉक्टर मॉन्तानारोंपुढे घातला. मग गटाची रेघ ओलांडून परत आला आणि दोन, तीन, चार, पाच आपल्या लालांना दिले. मत गुप्त असतं ना, तो निर्धास्त होता. मात्र आकडे त्याने काढले ते नेहमीसारखे. शेंडी, ताठ पाठ आणि बाक.

तेव्हा मोजणीला यंत्रं नव्हती. मोठ्या हॉलमध्ये टेबलं, टेबलांच्या पलीकडे सरकारी माणसं, अलीकडे जाड पारदर्शक प्लॅस्टिकची भिंत, आणि तिला नाकं चिकटवून दोन्ही पक्षांची माणसं उभी. सरकारी माणूस एकेक मतपत्रिका उलगडून दाखवणार आणि हे बघत राहणार. आमच्या टेबलावर निळ्यांकडून माझा फ्रान्स होता आणि लालांकडून सिल्व्यु. खांद्याला खांदा लावून उभे होते. पुढचं सगळं फ्रान्सने मला सांगितलं, आणि फ्रान्सच्या जिभेला हाड नसलं तरी तो रचून सांगणारा माणूस नाही.

मतपत्रिका उलगडली. निळ्यांच्या गटात एक, आणि बाकी सगळे आकडे लालांत. आधी असली मतपत्रिका बघूनच दोघं चक्रावले. मग फ्रान्सला तो एक दिसला.

"अरे सिल्व्यु!" तो तिथेच ओरडला. "हा एक ओळखीचा वाटतो का रे? माझ्या मेव्हण्याच्या बोटीवर हाच आहे!"

सिल्व्युने त्याआधीच ओळखला होता. फ्रान्स म्हणतो, त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. आजूबाजूचे हसायला लागले तेव्हा त्याने प्लॅस्टिकवर मूठ आपटली आणि तो टेबल सोडून निघून गेला. मोजणी संपायच्या आत बातमी गावात होती. सरकार कुणाचं आलं ते मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्ही विस्तिनला सोडून त्यावरच बोलत बसाल. डॉक्टर मात्र पडले. दवाखान्यावरून रागावलेल्या आमच्याच लोकांनी त्यांना यादीत पार खाली ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पोरांच्या गाड्या भोंगे वाजवत गल्लीत शिरल्या आणि विस्तिनच्या सज्जाखाली थांबल्या. "विस्तिन आमचा! विस्तिन आमचा!" कुणीतरी एक निळा झेंडा फेकून सज्जाच्या कठड्याला अडकवला. माडीवर जोवान्नाचा जीव घाबराघुबरा. मी खिडकीतून ओरडत होते, पण भोंग्यांपुढे माझं कोण ऐकतो.

विस्तिन खाली आला. झेंडा त्याने नीट घडी घालून हातात आणला होता आणि तो फ्रान्सच्या हातात ठेवला.

"मी तुमचा नाही," तो म्हणाला.

"मग कुणाचा?" फ्रान्स हसत म्हणाला. "त्यांनी तर तुला टाकला!"

"कुणाचा तरी असलंच पाहिजे का?"

मग मागच्या गाडीवाल्याने भोंगा दाबला आणि पुन्हा सगळे ओरडायला लागले. मला त्या दिवशी आमच्या माणसांची लाज वाटली. ती आजही वाटते.

लालांनी भोंगे वाजवले नाहीत. त्यांनी काहीच केलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. विस्तिन क्लबात गेला तर त्याच्या नेहमीच्या टेबलावर डोमिनो खेळायला कुणी बसेना. चहा मिळायचा, पण पेला समोर ठेवणारा दुसरीकडे बघायचा. अर्धी रंगवलेली एक बोट मालक येऊन घेऊन गेला, एका बाजूला डोळा आणि दुसरी बाजू कोरी, तशीच. रस्त्यात त्याच्या मागून कुणीतरी "डॉक्टर कसे आहेत?" विचारायचं आणि बाकीचे खिदळायचे.

सिल्व्यु यायचा बंद झाला. तोवर तो बायकोमुलीला घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा यायचा. त्याची क्लारिस्स सात वर्षांची, काळ्याभोर केसांची, आजीच्या पलंगावर चढून बसायची आणि जोवान्ना तिची वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. डॉक्टरांनी मला जिन्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं की जोवान्नाकडे आता फार दिवस नाहीत. मी ते विस्तिनला सांगितलं होतं आणि विस्तिनने सिल्व्युला. तरी तो येईना.

मी रोज दुपारी जोवान्नाचे पाय चोळायला जायचे. जिन्यावर पाऊल वाजलं की ती मान उचलायची.

"विस्तिन आहे गं," मी म्हणायचे.

"हो का," म्हणून ती मान खाली टाकायची.

एकदा तिने माझ्यासमोरच त्याला विचारलं, "मला न सांगता का केलंस? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीही," विस्तिन म्हणाला. "पण खरं सांगू? सगळं तुझ्यासाठी नाही. जन्मभर मला कुणीतरी सांगितलं की आपला कोण. पेटीपाशी उभा होतो आणि वाटलं, एकदा आपण आपलं ठरवून बघू. त्या माणसाने स्वतःच्या लोकांना तोंडावर सुनावलं. एवढंच. बाकी चारही आकडे आपल्यांनाच दिले, जोवान्ना. ते कुणाला दिसले नाहीत."

"मला दिसले," ती म्हणाली. पण तिचा आवाज फार बारीक झाला होता.

मग एका दुपारी सिल्व्यु आला, एकटाच, आणि त्याच्याबरोबर क्लबाचा अध्यक्ष जनमारी. जनमारी म्हणजे विस्तिनचा लहानपणापासूनचा दोस्त, दोघं एका बोटीवर पोहायला शिकलेले. मी उठायला लागले तर जनमारी म्हणाला, "बस गं चेत्ता. तुझ्या भावाच्या तोंडाने झालंय सगळं, तूही ऐक."

त्याने मार्ग काढला होता. आणि मार्ग काढण्यात जनमारीचा हात कुणी धरावा!

"हे बघ विस्तिन," तो म्हणाला, "तुझा एक बंदरात प्रत्येक बोटीवर आहे. शाळेतली पोरंसुद्धा तो बघून गिरवतात. कुणीही काढेल. निळ्यांतल्या कुणीतरी मुद्दाम काढला, तुझी आणि सिल्व्युची फजिती करायला. रविवारी प्रार्थनेनंतर क्लबात ये, सगळे असतील. एवढंच म्हण, 'ते मत माझं नाही.' बाकीचं मी बोलतो."

"पण ते माझं आहे," विस्तिन म्हणाला.

"ते मला कळलं नाही असं वाटतं का तुला, गाढवा? मला खरं नकोय. मला तू परत हवायस."

खरं सांगते, त्या क्षणी जनमारी मला आवडला.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

सिल्व्यु बोलला. तो आईकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता.

"तर मी या घरी येणार नाही, पा. त्या टेबलापाशी सगळे माझ्या तोंडावर हसले. तुला ठाऊक आहे ते कसं वाटतं? सेक्रेटरीच्या बापाने मत विकलं, असं म्हणतात. दोन गोळ्यांसाठी विकलं."

"विकलं नाही रे!"

"मग सांग तसं. क्लबात येऊन सांग."

"मी सांगेन की मत माझं होतं आणि विकलं नव्हतं."

"नाही," सिल्व्यु म्हणाला. "हे चालणार नाही. माझं नव्हतं, एवढंच चालेल."

दोघं निघून गेले. विस्तिन पलंगाच्या कडेला बसला. जोवान्नाने त्याला खोटं बोल म्हणून सांगितलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. ती इतकंच म्हणाली, "क्लारिस्सचे केस आता खूप वाढले असतील ना?" आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली, जणू ती वेणी घालणं विसरली तर नाहीत ना, ते तपासत होती. विस्तिनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तेलाची बाटली उचलली आणि जिना उतरले.

रविवारी प्रार्थना संपली आणि चौकातली निम्मी माणसं लालांच्या क्लबात घुसली. मी चर्चच्या पायऱ्यांवर उभी होते, दारं सताड उघडी, सगळं दिसत होतं. विस्तिन लग्नाच्या दिवशी घालावा तसा कोट घालून आला होता. जनमारीने हात वर केला. विस्तिन म्हणाला, "ते मत माझं नाही." मोठ्याने म्हणाला, कुणाला पुन्हा विचारावं लागू नये इतक्या मोठ्याने. मग जनमारीने निळ्यांचा कावा वगैरे सुरू केलं, पण ते कुणी ऐकलंच नाही. एकच गलका उठला. त्याला खांद्यावर घेतलं, पेले भरले, त्याच्या टेबलावर डोमिनो ओतले गेले. सिल्व्यु गर्दीतून वाट काढत आला, त्याने बापाला घट्ट मिठी मारली आणि तो ढसाढसा रडला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. त्याने ते खरं मानलं होतं, किंवा मानायचं ठरवलं होतं. आमच्याकडे या दोन्हींत फारसं अंतर नसतं.

फ्रान्स चार दिवस पिसाळलेला. "मी खोटारडा? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!" पण गंमत बघा, आमच्याच क्लबात त्याला कुणी साथ देईना. लाल गटात चार आकडे टाकणारा माणूस आपला म्हणून मिरवण्यापेक्षा, आपण लालांची कशी जिरवली हे मिरवणं त्यांना जास्त गोड लागलं. एका टवाळाने तर बारपाशी छाती ठोकून सांगितलं, "तो एक मीच काढला. घरी बसून सराव केला होता." त्याला सगळ्यांनी पाजली. आठवड्याभरात दोन्ही क्लबांत तीच गोष्ट खरी ठरली. आमच्या गावात लाल-निळ्यांचं एकमत झाल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

त्याच्या पुढच्या रविवारी विस्तिनने मला जेवायला बोलावलं. सशाचा रस्सा केला होता, सिल्व्युच्या बायकोने. टेबल माडीवर जोवान्नाच्या पलंगाशी लावलं होतं. क्लारिस्स पलंगावर चढून बसलेली, आणि जोवान्ना तिची वेणी घालत होती. तिची बोटं सावकाश चालत होती, मधेच थांबत होती, पण चालत होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मी मनात म्हटलं, चेत्ता, गप्प बस, या सुखापुढे एक खोटं वाक्य म्हणजे काय मोठंसं?

तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं आणि डॉक्टर मॉन्तानारो आत आले. निवडणुकीत पडले होते, आता कुणाचं मत नको होतं, तरी आले होते. सिल्व्यु खुर्चीवरून अर्धवट उठला. डॉक्टरांनी आधी जोवान्नाची नाडी बघितली, "आज छान आहे," म्हणाले. मग टोपी हातात फिरवत विस्तिनसमोर उभे राहिले.

"विस्तिन, मी तुमची माफी मागायला आलोय," ते म्हणाले.

"माफी? कसली हो डॉक्टर?"

"आमच्या लोकांनी तुमच्या आकड्याची नक्कल करून जे केलं त्याची. क्लबात तो पोरगा फुशारकी मारत होता, मी ऐकलं. फार हलकटपणा केला त्यांनी. तुमच्यासारख्या माणसाला गावात मान खाली घालायला लावली, आणि माझं नाव वापरून."

जोवान्नाची बोटं थांबली होती. माझी जीभ नुसती वळवळत होती, पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

डॉक्टर ओशाळं हसले. "खरं सांगतो, बातमी आली तेव्हा मला एक दिवस फार बरं वाटलं होतं. पडलो त्याचं काही वाटेना. म्हटलं, चला, निदान एका माणसाने रंग न बघता मत दिलं. मी मूर्ख. तुम्ही असं कधी करणार नाही, हे मला कळायला हवं होतं. तुम्हाला मी इतकी वर्षं ओळखतो."

सिल्व्यु पूर्ण उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत अभिमान होता. "पा, ऐकलंस?" तो म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने कबूल करतायत." आणि त्याने मोठ्या मनाने एक पेला पुसला, त्यात वाइन ओतली आणि डॉक्टरांपुढे धरली. क्लबाच्या सेक्रेटरीने निळ्या माणसाला दिलेला तो पहिलाच पेला असेल.

डॉक्टरांनी पेला घेतला, पण ते प्यायले नाहीत. ते विस्तिनच्या उत्तराची वाट बघत होते. विस्तिनने सिल्व्युकडे पाहिलं. मग जोवान्नाच्या हातातल्या अर्ध्या वेणीकडे पाहिलं.

"असू द्या, डॉक्टर," तो म्हणाला. "मी माफ केलं त्यांना."